माझा बाप दारू पेत नाई

"लाजू नकोस. वडील प्यायचे, ते सांग त्यांना."

दादांनी हे भर हॉलमधे म्हटलं. दादा म्हणजे आमच्या संस्थेचे मालक. मालक म्हटलेलं त्यांले खपत नाई, संस्थापक म्हणा लागते. समोर दोन पाव्हणे बसले होते. एक गोरी बाई, परदेशी वकिलातीतली. तिच्याजवळ वकिलातीतलेच मुंबईचे एक मराठी साहेब, मी बोललेलं ते तिले इंग्रजीत सांगत होते. एका बाजूले ट्रस्टी. मागं आम्ही कामावरची माणसं. अन् सगळ्यात मागं, दारापाशी, माझा बाप.

मी वळून पाह्यलं नाई.

"हो," मी म्हटलं. "प्यायचे."

साहेबांनी तिले सांगतलं. तिनं वहीत लिहिलं. मंग तिनं काहीतरी इचारलं अन् साहेब जरा अडखळले. "सॉरी हं. त्या विचारतायत, आईला मारायचे का?"

दादा माझ्याकडं पाहून मान हलवत होते. पोरगं कविता बरोबर म्हणून राह्यलं की मास्तर हलवते तशी.

"कधी कधी," मी म्हटलं.

माझ्या मायवर माझ्या बापानं जिंदगीत हात उचलला नाई. शेवटचे चार वर्सं ती खाटेवर होती. तो तिचे केस विंचरे. वेणी घालता येत नव्हती त शेजारच्या काकूकडून शिकून आला. दारूचा थेंब त्याच्या ओठाले लागला नाई. हे सगळं मले माहीत होतं. कोणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. तरी मी बोलली.

हे मी माझ्या बोलीत सांगून राह्यली. अकरा वर्सं ताईंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, माझी भाषा घासून काढली. "मले नाही, मला म्हण. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." मी शिकली. मस्त शिकली. आता ते सगळं भंगारात टाकलं.

मी ब्रह्मपुरीकडची. धानपट्ट्यातलं गाव, त्यात आमचा बौद्धांचा मोहल्ला. माझ्या आज्यानं चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाप रेल्वेत गँगमन, नागभीडच्या लाइनवर. रूळ ठोकठोकून त्यानं मले एमएसडब्ल्यू केलं. रिटायर झाल्यापासून त्याचं एकच काम. पौर्णिमेले अन् रविवारी विहारात तो सगळ्यांले शील देते. म्हणजे तो पुढं बसून पंचशील म्हणते, लोक त्याच्या मागून म्हणतात. पाचवं शील दारूचं. आमच्या गावात रीत अशी आहे का जो शील देते, त्याच्यावर कोणाची शंका नाई पाह्यजे. शंका आली त कोणी त्याले उठवत नाई. त्यानं स्वतः उठून मागं बसाचं. माझ्या बापाच्या आधी एक गुरुजी होते, त्यांच्या पोराच्या लग्नात बाटली निघाली, दुसऱ्या दिवशी ते मागं बसले. तेव्हापासून बाप पुढं बसे. या गोष्टीचा त्याले लय अभिमान. बोलत नसे, पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शर्टाले इस्त्री स्वतः करे.

नोकरी मले गडचिरोलीत दादांच्या संस्थेत लागली. चामोर्शीकडच्या जंगलातली गोंडांची गावं माझ्याकडं होती. वनहक्काचं काम. गावातल्या म्हाताऱ्यांसंगं जंगलाच्या शिवेवरून पायी फिराचं. कोणता नाला, कोणता डोंगर, कोणतं देवाचं झाड, ते लिहाचं. नकाशा काढाचा, दावा भराचा, कलेक्टर कचेरीत फाइल कुठी अडकली ते शोधाचं. सात गावांचे दावे मी भरले. पायात काटे मोडले, मलेरिया झाला, सगळं झालं. पण ते काम मले आवडे. झोपेतून उठवून इचारलं असतं तरी सातही गावांची शीव मी बोटानं काढून दाखवली असती.

त्या मुंबईच्या साहेबांनी एकदा यातलंच एक गाव पाह्यलं. इचारलं, हे सगळं कोणी केलं? एक म्हातारा म्हणाला, "आमीच केलो. लिवलं बाईनं." त्या एका वाक्यावर माझं नाव वकिलातीच्या परदेश कार्यक्रमासाठी वर गेलं.

तो कार्यक्रम असा होता. तिकडचं सरकार जगभरातून उभरते पुढारी निवडते अन् तीन आठवडे स्वतःच्या देशात फिरवते. त्यांची जंगलं, कोर्टं, गावसभा, शाळा दाखवते. आपल्याले अर्ज करता येत नाई, तेच निवडतात, फक्त संस्थेचं शिफारसपत्र लागते. देशाचं नाव मी घेत नाई. त्यांचा काही दोष नाई. आपण जे सांगतलं ते त्यांनी ऐकलं.

मले जाचं होतं. खूप जाचं होतं. तिकडचे जंगलात राहणारे लोक आपल्या जमिनीसाठी सरकारसंगं कसे भांडतात, ते मले डोळ्यानं पाहाचं होतं. अन् खरं सांगते, विमानात बसाचं होतं. आमच्या मोहल्ल्यातलं कोणी बसलं नव्हतं. पासपोर्ट आला त्या दिवशी मी तो उशाखाली घेऊन झोपली.

आता संस्थेतली एक पद्धत सांगा लागते. पाव्हणे आले का 'ओळख' होते. एकेकानं उभं राहून सांगाचं, मी आधी काय होतो अन् संस्थेत येऊन काय झालो. आधीचं जेवढं घाण, तेवढं संस्थेचं नाव मोठं. प्रत्येकाची ओळख ठरलेली. स्वयंपाकवाल्या बाईची ओळख 'नवऱ्यानं टाकलेली'. ओळख झाली का ती त्याच नवऱ्याच्या गाडीवर बसून घरी जाई. ड्रायव्हर भाऊ 'जुगारी'. त्या बिचाऱ्याले पत्ते पिसता येत नाई. आम्ही आपसात हसत होतो. पगार चालू आहे, पाव्हणे खूश, कोणाचं काय जाते. माझी ओळख तेव्हा लहान होती. दलित घरातली मुलगी, संस्थेनं घडवलं. बापानं घडवलं हे मी एकदाही म्हटलं नाई. तिथूनच मी खोटी होती.

वकिलातीसाठी एक पान जीवनकथा पाह्यजे होती. ताईंनी इंग्रजीत लिहिली. मी फिल्डवर निघाली होती, जीप चालू, ताई कागद घेऊन आल्या. "सही कर. आजच पाठवायचंय." मी सही केली. वाचली नाई. इंग्रजी मले येते, पण हळू येते, अन् ताईंसमोर हळू वाचाची लाज वाटली. सात गावांत मी घसा फोडून सांगत होती, वाचून घेतल्याबिगर कोणत्याच कागदावर अंगठा लावू नका. एका गोंड म्हातारीनं त एकदा फॉरेस्टच्या साहेबाले अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं, कागद वाचून दाखव म्हणून. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यात काय लिहिलं ते मले त्या दिवशी हॉलमधे पाव्हणे यायच्या दहा मिनिटं आधी दादांनी सांगतलं. मी म्हटलं, दादा, माझे वडील पीत नाईत. दादा चिडले नाईत. दादा कधीच चिडत नाईत. म्हणाले, "वडिलांना रेल्वेची नोकरी, पेन्शन, मुलगी शिकली. यात काय आहे? कोण निवडेल? त्यांना संघर्ष लागतो. एवढंच म्हणायचंय, पुढचं मी सांभाळतो."

मी म्हटलं, "वडील आज आले आहेत." ताईंनीच सांगतलं होतं, घरचं कोणी आण, फोटोला बरं.

दादांनी ते ऐकलंच नाई. गाडी आली होती.

कार्यक्रम संपल्यावर दादा माझ्याजवळ आले. "छान झालं. बाई हलल्या." मंग दाराकडं पाहून म्हणाले, "ते तुझे वडील होते का? मला वाटलं, जीपसोबत आलेलं कोणी."

तेवढ्यात ताईंनी बापाले हाताले धरून माझ्याजवळ आणलं अन् फोटो काढून घेतला. बाप उभा राह्यला. हसा म्हटलं त हसला पण.

गडचिरोलीवरून ब्रह्मपुरीची एसटी धरली. तो खिडकीत, मी बाजूले. मी म्हटलं, बाबा, ते फक्त तिथलं बोलणं होतं. आरमोरी गेलं, वैनगंगेचा पूल आला. पुलावर तो म्हणाला, "आनखी काय काय केलो मी, ते मले आगुदरच सांगून ठेव. गावात कोनी इचारलं त हो म्हनाले बरं पडन."

तो टोमणा नव्हता. तो खरंच इचारून राह्यला होता. मी जाले पाह्यजे, माझं काम बिघडलं नाई पाह्यजे, म्हणून त्याले तयारी कराची होती. मी खिडकीतून बाहेर पाह्यलं अन् म्हटलं, "काही नाई बाबा, एवढंच."

निवड झाली. चौकात माझ्या फोटोचं फ्लेक्स लागलं. ज्या लोकांनी कधी चहाले बोलावलं नाई, त्यांनी शाल-नारळ दिला. बापानं सगळ्यांले पेढे वाटले. मले वाटलं, झालं, विसरला.

मंग संस्थेचं वार्षिक पत्रक निघालं. पहिल्याच पानावर तो फोटो. मी अन् माझा बाप, इस्त्रीचा पांढरा शर्ट. वर मोठ्या अक्षरात, 'दारुड्या बापाच्या घरातून परदेशात'. खाली माझ्याच तोंडचं, अवतरणात, "बाबा पिऊन येऊन आईला मारायचे." कोणीतरी ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर माझा बाप दारुडा होता.

चार दिवसांनी पौर्णिमा होती. मी गावातच होती. विहारात सगळे जमले. बापाची जागा पुढं, तिथी आसन टाकून ठेवलं होतं. बाप आला, चप्पल काढली, बुद्धाले अन् बाबासाहेबाले हात जोडले अन् सगळ्यात मागं जाऊन बसला.

"काऊन भाऊ? पुढं या ना," एक जण म्हणाला.

"आज दुसऱ्यानं शील द्यावं."

"अरे, त्या पत्रकाचं कोन मनावर घेते? आमाले मालूम नाई का तुमी?"

बाप म्हणाला, "शंका आली. रीत आहे ते आहे."

बस, एवढंच. त्यानं एक वाक्य म्हटलं असतं, पोरगी खोटं बोलली, त तो तिथल्या तिथी सुटला असता. पण मंग मी गावासमोर खोटी ठरली असती अन् माझं जाणं धोक्यात आलं असतं. त्याच्यासमोर दोनच गोष्टी होत्या, आपलं नाव नाई त माझं नाव. मी पुढच्या रांगेत बसून होती, अन् तरी तोंड उघडलं नाई. मले विमान दिसत होतं. त्या दिवशी शील दुसऱ्यानं दिलं. माझ्या बापाचा आवाज मागून येत होता, सगळ्यांसंगं. पाचव्या शिलाच्या वेळी तो आवाज आला नाई. मी कान देऊन ऐकलं. नाई आला.

मी दुसऱ्याच दिवशी दादांकडं गेली. म्हटलं, पत्रकात दुरुस्ती छापा. वकिलातीले कळवा. मी सही करते, चूक माझी म्हणते.

दादा शांतपणे म्हणाले, "तुझे वडील एवढे मोठे आहेत का, की त्यांच्या नावासाठी सात गावांचं नुकसान करशील? निधी देणारे हे पत्रक वाचतात."

"पण ते पीत नाईत, दादा."

"हे बघ, तुमच्या लोकांत पितातच ना. एकाचं नाव घातलं, तर काय बिघडलं?"

ताई बाजूले बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर पण केली नाई.

तुमच्या लोकांत. अकरा वर्सं मी यांच्या पंगतीत जेवली, यांच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस राबली, यांले दादा-ताई म्हटलं. मी यांच्यासाठी माणूस नव्हतीच. मी 'तुमच्या लोकांत'ली एक होती, जिच्या बापाच्या तोंडाले कोणती पण बाटली लावता येते. राग आला, पण त्यांच्यावर नंतर आला. आधी माझ्यावर आला. यांनी बाटली धरली असन, ओतली मीच होती.

मी उठून निघाली. दादांले वाटलं, समजली पोरगी.

जायच्या तीन आठवडे आधी ऑनलाइन भेट होती. वेगवेगळ्या देशांतून निवडलेले सगळे पडद्यावर येणार, प्रत्येकानं दोन मिनिटं आपली ओळख सांगाची. हॉलमधे मोठा पडदा लावला. दादा, ताई, ट्रस्टी सगळे खुर्च्यांवर. ताईंनी मले कागद दिला होता, पाठ करून घेतला होता. माझ्यासाठी दुभाषी तेच मुंबईचे साहेब, ते पण पडद्यावरच. माझ्या आधी एक आफ्रिकेतली वकील बाई बोलली, मासेमारांच्या संघटनेचा एक जण बोलला. सगळे आपापल्या कामाचं सांगत होते. कोणी आपल्या बापाचं काही बोललं नाई.

माझी पाळी आली, मी स्टेजवर चढली. मी कागद टेबलावर उलटा ठेवला अन् मराठीत बोलली. माझ्या मराठीत.

"माझ्याबद्दल तुमच्याकडं जे लिहून आलं ते खोटं आहे. माझा बाप दारू पेत नाई. त्यानं माझ्या मायले कधी मारलं नाई. तो रेल्वेत होता, त्यानं मले शिकवलं. कागद संस्थेनं लिहिला, सही मी न वाचता केली, अन् याच हॉलमधे मी स्वतःच्या तोंडानं खोटं बोलली. मले तुमच्याकडं याचं होतं म्हणून बोलली. साहेब, हे सगळं सांगा त्यांले. काही सोडू नका."

साहेब इंग्रजीत बोलाले लागले. किती सांगतलं मले माहीत नाई, कारण अर्ध्यातच दादांनी उठून लॅपटॉप बंद केला. पडदा काळा झाला. दादा मले म्हणाले, "खाली उतर." पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. मी म्हटलं, "उतरते. आता चढाचंच नाई."

संध्याकाळपर्यंत माझी खोली खाली करून घेतली. कपडे, भांडे, नकाशांची पिशवी, सगळं जीपमधे. नकाशे मात्र परत काढून घेतले, संस्थेची मालमत्ता म्हणून. ड्रायव्हर भाऊनं मले बसस्टँडवर सोडलं अन् लगेच गाडी वळवली, त्याले नोकरी टिकवाची होती. संस्थेनं आपलं शिफारसपत्र मागं घेतलं. वकिलातीचं मले एक साधं पत्र आलं, यंदा जमणार नाई, शुभेच्छा. माझ्या जागी संस्थेच्या नव्या शिफारशीवर ताईंची पुण्याची भाची गेली. तिनं आमचं जंगल एकदा पाह्यलं होतं, जीपमधून. माझे सात गावांचे नकाशे तिनं तिकडच्या एका सभेत दाखवले. तो फोटो मी फेसबुकवर पाह्यला. एका नकाशावर माझं अक्षर आहे, नाल्याचं गोंडी नाव लिहिलेलं. तिले ते वाचता पण येत नसन.

तुम्हाले वाटन, चला, बापाचं त झालं. नाई झालं.

मी घरी येऊन सांगतलं, बाबा, मी सगळ्या देशांसमोर खरं बोलली. तो म्हणाला, "चांगलं केलीस. पन इथी कोनाले मालूम?" मंग पुढच्या पौर्णिमेले मी विहारात उभी राह्यली अन् सगळ्यांसमोर कबूल केलं. मी खोटं बोलली, विमानासाठी बोलली. मंग मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे तिकिटासाठी बापाले इकलीस." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होती?

लोक बापाले म्हणाले, आता त शंका गेली भाऊ, पुढं या. बाप जागचा हलला नाई. म्हणाला, "पोरीच्या सांगन्यावरून उतरलो, आता पोरीच्याच सांगन्यावरून चढाचं का? उद्या ते पोरगी पलटी मारन त? जेनं छापलं त्यानं म्हनावं."

माझ्या तोंडाची किंमत माझ्या बापाजवळ एवढीच राह्यली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाई. अजून तो मागंच बसते. मले जेवाले वाढते, तब्येत इचारते, पण माझ्यासमोर तो आपल्या जुन्या दिवसांचं काही सांगत नाई. आधी खूप सांगे. मी ते कुठी जाऊन वापरीन असं त्याले वाटत असन.

मी संस्थेले रजिस्टर पत्रं पाठवली. उत्तर नाई. एका ट्रस्टीनं फोन केला, मोठ्या समजुतीनं बोलला, "कशाला वाढवतेस, तुला दुसरीकडे चिकटवून देतो." मी म्हटलं, माझ्या बापाचं बोला. त्यानं फोन ठेवला. तिकडं मी कृतघ्न म्हणून फेमस आहे. दुसऱ्या संस्थांत अर्ज केले, आधी हो म्हणतात अन् दोन दिवसांनी नाई म्हणतात. मी आता ब्रह्मपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देते. लोकांले प्रत्येक ओळ वाचून दाखवते. कोणी घाई केली त मी पेन खाली ठेवते.

पुढच्या महिन्यात त्या हॉलमधे परत परदेशी पाव्हणे येणार आहेत. नव्या वर्साची निवड. मले आवतन नाई. मी जाणार आहे. पत्रकाचं ते पान मोठं करून घेतलं आहे, इंग्रजीत तर्जुमा केला आहे, हळूहळू, डिक्शनरी घेऊन, माझा मी. दारात उभी राहीन अन् येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देईन. पोलिसाले बोलावतील त बोलावतील. चौकीत पण मी तेच सांगीन अन् लिहून घ्या म्हणीन. त्याच्या पुढच्या वर्सी परत जाईन. त्याच्या पुढच्या वर्सी पण.

दादांनी आमच्या विहारात यावं. चप्पल बाहेर काढावी. अन् सगळ्या गावासमोर माझ्या बापाचं पूर्ण नाव घेऊन म्हणावं, हा माणूस दारू पीत नाही, आम्ही खोटं छापलं. मले माफी नाई पाह्यजे, नोकरी नाई पाह्यजे, विमान नाई पाह्यजे. एवढंच पाह्यजे अन् यातलं एक अक्षर कमी चालणार नाई.

माझा बाप आता सत्तरीत आहे. तो जिवंत असेपर्यंत हे झालं त बरं. नाई झालं त तो गेल्यावर करून घेईन. दादा गेले त त्यांच्या खुर्चीवर जो बसन त्याच्याकडून करून घेईन. पण करून घेईन.